रविवार आणि मैदान



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते मास्तर आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी पांढरा कोट चढवून मुंबईच्या मैदानावर अंपायर म्हणून उभे राहायचे. आयोजकांनी मला आधी विषय सुचवला होता, ‘जीवनात खेळाचे महत्त्व’. या विषयावर आपण सगळ्यांनीच सातवी-आठवीत निबंध लिहून मार्क मिळवलेले आहेत. खेळाने शरीर सुदृढ होतं, संघभावना वाढते, पराभव पचवायची सवय लागते. ते सगळं मान्य करून मी ते बाजूला ठेवतो, कारण मी ज्या खेळवेड्यांना ओळखतो त्यांच्यापैकी एकालाही पराभव पचवता आलेला नाही. तरुणपणी मिळालेला पायचीतचा निर्णय त्यांच्या घशात आजही अडकलेला असतो. आणि सुदृढ म्हणाल, तर निम्म्यांचे गुडघे गेले आहेत. हे लोक कशासाठी खेळतात, असं विचारलं तर त्यांना धड सांगता येत नाही. मला आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे; आणि त्यांचं हे वेड कशाच्या आधारावर उभं आहे, त्याविषयी.

उदाहरण म्हणून कांगा लीग घेऊ. 1948 साली ही स्पर्धा सुरू झाली. पारशी क्रिकेटपटू डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने. देशभरातलं क्रिकेट पावसाळ्यात बॅटी गुंडाळून ठेवतं तेव्हा मुंबईत कांगा सुरू व्हायची. जुलै ते सप्टेंबर, दर रविवारी. खेळपट्टी उघडी, तिच्यावर आच्छादन नाही. आउटफिल्डला घोट्याच्या वर गवत. चांगला मारलेला ड्राइव्ह सर्कलपर्यंतही न जाता त्या गवतात रुतून बसतो आणि मग दोन क्षेत्ररक्षक वाकून चेंडू शोधत बसतात. चेंडू कधी गुडघ्याखाली सरपटतो, कधी हनुवटीपर्यंत उसळतो. गोलंदाजाच्या रनअपमध्ये लाकडाचा भुसा टाकलेला. अशा विकेटवर एखाद्याने तीस धावा केल्या तर टेंटमध्ये त्याचा मान शतकवीराचा असतो.

आझाद मैदानावर 22 खेळपट्ट्या आहेत. रविवारी तिथे बाहेरगावचा माणूस उभा केला तर कोणता खेळाडू कोणत्या सामन्यात आहे हे त्याला कळत नाही, कारण आपला मिडविकेट आणि शेजारच्या सामन्याचा कव्हर एकमेकांना पाठ लावून उभे असतात. दोघांना मात्र न बघता कळतं, हा चेंडू आपला की त्यांचा.

आता जरा हिशेब करू. मास्तरांना आवडला असता. ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन, प्रत्येकात चौदा संघ. म्हणजे 98 संघ. गुणिले अकरा, 1078. राखीव, अंपायर, स्कोअरर धरलेच नाहीत. एक हजारावर माणसं विरार, कल्याण, पनवेलहून मेगाब्लॉक चुकवत, किटबॅग मांडीवर घेऊन लोकलने येतात, चिखलात दिवस घालवतात आणि संध्याकाळी तशीच परत जातात. हे कशासाठी, याचं छापील उत्तर असं की ओल्या विकेटवर खेळलेला फलंदाज इंग्लंडमध्ये डगमगत नाही. गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर हे सगळे कांगा खेळले आहेत, त्यामुळे उत्तराला वजनही आहे. पण त्या 1078 मधले इंग्लंडला किती जाणार? ए डिव्हिजनमधून एखाददुसरा. एफ आणि जी डिव्हिजनमधला बँकेतला कारकून, औषधांच्या दुकानाचा मालक, रेल्वेतला मोटरमन यांना इंग्लंडच्या हवामानाशी काय घेणं? इंग्लंड हे निमित्त. घरी सांगायला आणि क्लबच्या घटनेत लिहायला काहीतरी कारण लागतं म्हणून.

खेळाचा इतिहास आपण जिंकणाऱ्यांचा लिहितो. पद्माकर शिवलकरांचं नाव घेतलं की मुंबईकर हळहळतात: प्रथम श्रेणीत 589 बळी आणि कसोटी एकही नाही. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी तमिळनाडूचे आठ गडी 16 धावांत काढले. त्यांच्यासारखीच डावखुरी फिरकी टाकणाऱ्या बेदींच्या काळात जन्मले हे त्यांचं दुर्दैव, असं म्हणून आपण सुस्कारा टाकतो. सुस्कारा ठीक आहे. पण हा माणूस पुढे वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा रणजी खेळायला उतरला होता, तेव्हा त्याला निवड समितीकडून कसली आशा असणार? आणि रमाकांत आचरेकर. सचिन तेंडुलकरला घडवणाऱ्या या गुरूच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना एकच, 1963-64 चा, स्टेट बँकेच्या संघाकडून. स्वतःच्या खेळाचं खातं तिथेच बंद झाल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य शिवाजी पार्कात दुसऱ्यांच्या मुलांचे पाय हलतात का नाही ते बघण्यात घालवलं. यांना तरी निदान नाव मिळालं. जी डिव्हिजनला ते मिळत नाही आणि त्यावाचून तिचं अडतही नाही.

मी स्वतः खेळाडू म्हणून कधीच कामाचा नव्हतो. क्लबने ते लवकर ओळखलं आणि माझ्या हातात स्कोअरबुक दिलं. त्यामुळे या वेडाची एक शाखा मला अगदी जवळून माहीत आहे. पावसात शाई फुटते म्हणून पेन्सिल वापरायची. खोडरबर खिशात, वहीवर धरायला प्लास्टिकची पिशवी. धाव निघाली नाही की टिंब. षटकातली सहाही टिंबं आली की ती जोडून ‘एम’ काढायचा, म्हणजे मेडन. अंपायरने खूण केली की हात वर करून पोच द्यायची. ती मिळेपर्यंत मास्तर पुढचा चेंडू टाकू देत नसत, मग गोलंदाज कितीही घाईत असो. डाव संपला की ताळा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर ही एक बेरीज. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय ही दुसरी. दोन्ही जुळल्याच पाहिजेत. एक धाव कमी आली की दोन्ही संघांचे स्कोअरर डोक्याला डोकं लावून पहिल्या षटकापासून सुरुवात करतात. खेळाडू वडापाव खाऊन पांगलेले असतात, माळी स्टंप उपटून घेऊन गेलेला असतो, आणि सत्तर धावांच्या डावातली हरवलेली एक धाव शोधत दोन माणसं टेंटमध्ये बसलेली असतात. त्या धावेने ना निकाल बदलणार, ना कुणाची सरासरी. पण ती सापडल्याशिवाय उठवत नाही. सापडल्यावर होणारा आनंद मला नंतर बढतीच्या वेळीही झाला नाही.

हे वेड म्हणजे जन्मजात स्वभाव, काहींना असतो काहींना नसतो, असं आपण समजतो. मला ते पटत नाही. वेड लागायला आधी रिकामा दिवस लागतो आणि रिकामी जागा लागते. मुंबईच्या माणसाला या दोन्ही गोष्टी कुणी दान दिलेल्या नाहीत.

दिवसाचं बघा. एकोणिसाव्या शतकात कचेऱ्यांना रविवार होता, गिरणीला नव्हता. गिरणी कामगार उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत साच्यावर उभा. सुट्टी कधीतरी सणाला किंवा यंत्र साफ करायच्या दिवशी. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 साली त्यांनी परळला कामगारांची सभा घेऊन आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार मागितला. मालकांनी कागद बाजूला ठेवला. 24 एप्रिल 1890 ला पुन्हा सभा झाली, दहा हजार कामगार जमले. अखेर 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांना क्रिकेटशी कर्तव्य असण्याचं कारण नव्हतं. पण मुंबईत कष्टाच्या माणसाने पुढे रविवारी जे जे केलं, भजन केलं, नाटक बसवलं, आखाड्यात उतरला, हुतूतूचं मैदान आखलं, ते सगळं या एका तारखेच्या पुढचं आहे. क्रिकेट क्लबांच्या भिंतींवर माजी कर्णधारांचे फोटो असतात. लोखंड्यांचा मी कुठल्याही क्लबात पाहिलेला नाही. लावायला हरकत नाही.

जागेची गोष्ट याहून चुरशीची आहे. मुंबईच्या पारशांनी 1848 साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढच्या तीस वर्षांत किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरांचे कितीतरी संघ खेळू लागले. शेजारीच 1875 साली गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना उभा राहिला. त्यांच्या क्रिकेटला राखलेली हिरवळ होतीच. शिवाय साहेबांना पोलो खेळायला नेटिव्हांचं मैदान लागायचं. पोलोचे घोडे एकदा उधळून गेले की नाल टेकतील तिथे खड्डा. दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर चेंडू टाकायचा तर तो कुठे जाईल आणि कुणाचा दात पाडेल याचा नेम नाही. खेळणाऱ्यांनी 1881 पासून सरकारकडे अर्जावर अर्ज केले. एक अर्ज मान्य झाला, मग फिरवला गेला, मग पुन्हा अर्ज. शापूरजी सोराबजी हे या लढ्याचे बखरकार. 1897 साली त्यांनी पारशी क्रिकेटच्या इतिहासाचं पुस्तक काढलं आणि त्यात या ‘युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट’ प्रकरणाची पुरी हकिगत छापली. त्यातली गंमत अशी की अर्ज करणारे काही राज्य मागत नव्हते. मूठभर लोकांच्या करमणुकीसाठी शेकडोंची करमणूक का मोडता, एवढंच विचारत होते. त्या काळातल्या भल्याभल्या पुढाऱ्यांच्या निवेदनांपेक्षा मला हा प्रश्न जास्त धारदार वाटतो. पुढे पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना बॅकबेच्या काठाला स्वतंत्र जागा मिळाल्या. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना समुद्राच्या समोर ओळीने मैदानं दिसतात, ती हीच.

पण मैदान मिळालं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं असं होत नाही. पालवणकर बाळू हे या इतिहासातलं सगळ्यात बोचरं पान. चर्मकार समाजातला मुलगा. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये. जाळी लावणं, रेषा आखणं ही कामं करून झाल्यावर साहेबांना सरावासाठी डावखुरी फिरकी टाकायची. तासन् तास टाकायची. बॅट मात्र त्या नेटमध्ये त्याच्या हाती कुणी दिली नाही. कॅप्टन ग्रेग हा त्यांच्यातला नावाजलेला फलंदाज बाळूच्या गोलंदाजीवर घोटून घोटून तयार झाला. हिंदूंच्या संघाला हा गोलंदाज हवा होता आणि त्याची सावली नको होती. म्हणून मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळायचे, आणि चहाच्या वेळी इतरांना कपबशी तर बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. 1906 साली याच बाळूच्या आणि त्याचा भाऊ शिवरामच्या जोरावर हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने शंभरावर बळी घेतले. त्याच दौऱ्यावर डॉ. कांगाही होते. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद बाळूला कधीच मिळालं नाही. धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते मिळायला 1923 उजाडावं लागलं.

बाळूच्या गोष्टीचा शेवट आपण सहसा विजयाने करतो, समतेचा विजय वगैरे. मला त्या नेटमधल्या दुपारी जास्त विचार करायला लावतात. त्या तरुणाला कुणी भविष्य दाखवलेलं नव्हतं, दाखवायला ते नव्हतंच. जो खेळ त्याला पंगतीत बसू देत नव्हता त्या खेळाचा एकेक चेंडू तो मन लावून टाकत होता. याला भक्ती म्हणावं तर तो शब्द फार गोड आहे. पोटासाठी म्हणावं, तर चार रुपयांत जेवढं काम होतं त्याच्या कितीतरी पलीकडचं हे होतं.

मैदान आणि दिवस दोन्ही एकदम गेले की काय होतं, हे आपल्यातल्या ज्येष्ठांनी गिरणगावात पाहिलं आहे. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी. चाळीच्या मधल्या चौकात रात्री दिवे लावून कबड्डी चालायची. पहिली पाळी संपवून आलेला माणूस बनियनवर गॅलरीत उभा, खाली मातीत त्याचा पुतण्या चढाईला गेलेला. कोपरारक्षकाने घोट्याला हात घातला की वरून तीन मजल्यांचा एकच आवाज. लोण चढलं की शेजारच्या मंडळाचे लोक दोन दिवस तोंड चुकवायचे. बुवा साळवींनी या खेळाला चौकातून उचलून 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत नेणाऱ्या चळवळीत आयुष्य घातलं. पण त्याच्या आधी, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर पडले, बहुतेक परत गेलेच नाहीत. भोंगा गेला तशी पाळी गेली, पाळी गेली तसा पाळीनंतरचा वेळ गेला, आणि चौकाच्या जागी पार्किंग आलं. 2014 पासून कबड्डी टीव्हीवर झगमगते आहे. मॅट, दिवे, लिलाव. मी आवडीने बघतो, खेळाडूला चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण तीन मजल्यांचा तो आवाज मॅटवर निघत नाही, कारण खाली खेळणारा आता कुणाचा पुतण्या नसतो.

आता जागा तासावर मिळते. उड्डाणपुलाखाली, इमारतीच्या गच्चीवर जाळी लावलेलं टर्फ. मोबाइलवर बुकिंग, आठ जणांत वर्गणी, तास संपला की पुढची टोळी दाराशी उभी. आमच्या पिढीतले लोक याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. रात्री अकरा वाजता आयटीतून सुटलेली पोरं झोप मोडून खेळायला येतात, ती कुठल्या बाबतीत आमच्याहून कमी वेडी आहेत? मला खटकतं ते एवढंच की तिथे नुसतं बसायला मुभा नाही. मैदानावर खेळणारे बावीस आणि बघत बसणारे पन्नास असायचे. पेन्शनर, डबेवाला, शाळा चुकवलेलं पोर. त्या पन्नासांतूनच पुढचा अंपायर, पुढचा स्कोअरर, पुढचा वेडा निघायचा. ज्या जागेचं मीटर पडतं तिथे हा माणूस उभा राहू शकत नाही. तुमच्या-माझ्या गावात नगरपालिकेचं मैदान अजून शिल्लक असेल, तर वर्षातले किती रविवार ते लग्नाला, प्रदर्शनाला आणि सभेला भाड्याने जातं, याची यादी एकदा मागवून बघा. त्यात शापूरजींच्या पुस्तकातले पोलोचे घोडे दिसतील.

रविवारविषयी मघाशी एक गोष्ट सांगायची मी ठेवली होती. 24 एप्रिल 1890 च्या त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषण केलं. दहा हजारांसमोर उभं राहून त्यांनीही रविवार मागितला. तो मिळाला, आणि बायकांच्या वाट्याला आला तेव्हा त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. रविवारी घरात माणसं जास्त, स्वयंपाक मोठा, आठवड्याची धुणी. कांगाच्या दिवसांत माझी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत लाल व्हायची, आणि मी तर नुसता वही घेऊन बसणारा. खेळणाऱ्यांच्या पँटी कशा असतील? लाल मातीचा डाग सुकला की निघत नाही. पँट त्याच रात्री भिजत घालावी लागते. 1078 पँटी रविवारी रात्री कुणी भिजत घातल्या, याचं स्कोअरबुक कुणी ठेवलेलं नाही.

मुलींनी जागा मिळवली ती वेगळ्या वाटेने. 1973 च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा झाली तेव्हा संघ आले तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. डायना एदल्जींच्या त्या पिढीने पदरचे पैसे घालून, मिळेल त्या डब्यातून प्रवास करून हा खेळ जगवला. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या सोसायटीत फटाके वाजले. छान वाटलं. पण मी आज बोलतो आहे ते विश्वचषकवाल्यांविषयी नाही. मला जी डिव्हिजन हवी आहे. चाळिशीची, जेमतेम खेळणारी, रणजी-बिणजीची आशा नसलेली, गुडघा बांधून रविवारी सकाळी किटबॅग घेऊन लोकल पकडणारी बाई. ती पावसात पाच धावांवर बाद व्हावी, टेंटमध्ये येऊन अंपायरच्या नावाने बोटं मोडावी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा यावी. अशा बायका तुम्ही किती पाहिल्या आहेत? सभागृहातल्या भगिनींनाच विचारतो, पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही कुठे असाल?